आवडता खेळाडू फ्री एजन्सीत निघून गेला : आइस हॉकीप्रेमींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून संपत आला की टोरांटो, कॅल्गरी, न्यू जर्सी, लाँग आयलंड अशा ठिकाणच्या मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. कुणी इथे नुकतंच स्थायिक झालेलं असतं, कुणाच्या मुलांनी घरात हॉकी आणलेली असते, तर कुणी वीस वर्षं एकाच संघासाठी जीव टाकत आलेलं असतं. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक आधीच सांगून ठेवतो : मी न्यूयॉर्क आयलँडर्सच्या बाजूचा माणूस आहे. उत्तरांत तो कल डोकावेल, तेवढा वजा करून वाचा.

१. ही कुठली हॉकी? ध्यानचंदांची की बर्फावरची?

बर्फावरची. उत्तर अमेरिकेत नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की आइस हॉकीच, आणि इथले सगळे प्रश्न एनएचएल या व्यावसायिक लीगबद्दल आहेत. भारतातल्या हॉकी इंडिया लीगमध्ये किंवा आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. एनएचएलमध्ये लिलाव नसतो, आणि खालची बरीचशी भांडणं या एका फरकातूनच येतात.

२. फ्री एजन्सी म्हणजे नेमकं काय? खेळाडू कधी ‘मोकळा’ होतो?

एनएचएलमध्ये बहुतेक खेळाडू अठराव्या वर्षी ड्राफ्टमधून येतात. कुठल्या शहरात जायचं हे त्या पोराच्या हातात नसतं. ज्या क्लबने नाव पुकारलं, तिथे जायचं. पुढची कितीतरी वर्षं त्याचे हक्क त्याच क्लबकडे राहतात. वयाची २७ वर्षं किंवा लीगमध्ये ७ हंगाम, यांपैकी काहीही एक पूर्ण झालं आणि चालू करार संपला, की तो पूर्ण मोकळा. मग १ जुलैला, ईस्टर्न वेळेनुसार दुपारी १२ वाजता, बाजार उघडतो आणि तो कुणाशीही करार करू शकतो. जुन्या क्लबच्या हाती काहीच लागत नाही. ना बदली खेळाडू, ना ड्राफ्टमधली निवड.

१ जुलै हा कॅनडा डेसुद्धा आहे. म्हणजे कॅनडात लोक सुट्टी घेऊन, अंगणात बार्बेक्यू पेटवून, हातात फोन धरून आपला लाडका खेळाडू कुठे चालला ते बघत बसलेले असतात.

यात सॅलरी कॅपची, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेची, भर घाला. २००४-०५चा अख्खा हंगाम मालक-खेळाडू वादात बुडाला आणि त्यानंतर ही मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती प्रत्येक संघासाठी ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ला ९ कोटी ५५ लाखांवर गेली. क्लब कितीही श्रीमंत असो, या आकड्यापुढे जाता येत नाही. म्हणून ‘मालकाने खिशात हात घातला असता तर राहिला असता’ हे दर वेळी खरं नसतं.

३. प्रत्येक चर्चेत जॉन टवारेसचंच नाव का निघतं?

कारण त्याच्या प्रकरणात या दुखण्याची सगळी लक्षणं एकाच ठिकाणी सापडतात.

आयलँडर्स हा लाँग आयलंडचा संघ. १९८० ते १९८३ अशी सलग चार वर्षं स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलेला, आणि नंतर दशकानुदशकं रखडलेला. २००९च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर त्यांनी टवारेसला घेतलं. २०१३मध्ये तो कर्णधार झाला. एप्रिल २०१६मध्ये फ्लोरिडाविरुद्ध सातपैकी चार जिंकायच्या मालिकेतल्या सहाव्या सामन्यात त्याने दुसऱ्या जादा वेळेत गोल केला आणि आयलँडर्सने १९९३नंतर पहिल्यांदा प्लेऑफची (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतली) एक फेरी जिंकली. तेवीस वर्षांनी! त्या गोलचा व्हिडिओ मी अजूनही पाहतो, आणि पाहताना अजूनही चडफडतो.

२०१७-१८ हे त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष. ‘मला इथेच राहायचंय’ अशा अर्थाचं तो वर्षभर बोलत होता. संघ प्लेऑफला मुकला, पण क्लबने त्याला ट्रेड केलं नाही, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात काही घेतलं नाही. जूनमध्ये जनरल मॅनेजर गार्थ स्नो आणि प्रशिक्षक डग वेट दोघांनाही हटवलं. वॉशिंग्टनला नुकताच कप जिंकून दिलेले बॅरी ट्रॉट्झ प्रशिक्षक म्हणून आले. आम्हाला वाटलं, हे सगळं त्याला थांबवण्यासाठीच चाललंय. जूनच्या शेवटच्या आठवड्यात लॉस एंजेलिसला बसून त्याने आयलँडर्ससह सहा संघांचं म्हणणं ऐकून घेतलं. आणि १ जुलै २०१८ला टोरांटो मेपल लीफ्सशी ७ वर्षांचा, ७ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला.

इथवर तरी लोकांनी गिळलं असतं. पण त्याच दिवशी त्याने लहानपणीचा एक फोटो टाकला : मेपल लीफ्सच्या चादरीत गाढ झोपलेला छोटा जॉन. टोरांटोवाल्यांचे डोळे पाणावले. मुलगा मिसिसागाला जन्मलेला, ओकव्हिलला वाढलेला, घरी परत आला. लाँग आयलंडला मात्र त्या फोटोचा अर्थ एवढाच लागला, की नऊ वर्षं आपण ज्याला आपला म्हटलं तो मनाने कधी इथे नव्हताच. माझ्या मते करारापेक्षा त्या चादरीनेच जास्त घाव घातला.

४. पण तो पैशासाठीच गेला ना?

टवारेसच्या बाबतीत हा आरोप टिकत नाही. २०११मध्ये त्याने आयलँडर्सशी ६ वर्षांचा, एकूण ३ कोटी ३० लाखांचा करार केला होता. म्हणजे वर्षाला ५५ लाख डॉलर. त्याच्या दर्जाच्या खेळाडूला हे फारच कमी होतं, आणि त्या स्वस्ताईचा फायदा सहा वर्षं क्लबने घेतला. २०१८मध्ये टोरांटोपेक्षा जास्त रक्कम देऊ करणारे संघ होते, अशा बातम्या तेव्हाच आल्या होत्या. आयलँडर्स तर त्याला आठ वर्षं देऊ शकत होते. बाहेरच्या क्लबला सातच देता येत होती.

खरं सांगायचं तर ‘पैशासाठी गेला’ असं म्हणणं चाहत्यांना सोपं जातं. पैशाचा राग पटकन करता येतो. ‘त्याला आपल्यापेक्षा ते घर जास्त आवडलं’ हे मान्य करणं अवघड.

५. जाणार हे दिसत होतं, तर आधीच ट्रेड का नाही केला?

चाहत्यांचा अर्धा राग खेळाडूवर नसतोच, तो या प्रश्नावर असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ट्रेडची शेवटची तारीख असते. तोवर खेळाडू विकला तर बदल्यात तरुण खेळाडू, ड्राफ्टमधल्या निवडी मिळतात. ठेवला आणि जुलैत गेला, तर हात रिकामे.

तरीही ठेवण्याची कारणं असतात. एक म्हणजे आशा. दुसरं म्हणजे कराराच्या अटी : २७ वर्षं किंवा ७ हंगाम झालेल्या खेळाडूला ‘माझ्या संमतीशिवाय हलवायचं नाही’ अशी अट कराराच्या त्या पुढच्या वर्षांत घालून घेता येते, आणि मग तो नाही म्हणाला की विषय संपला. तिसरं, आणि सगळ्यात मानवी कारण : आत्ता जिंकायचंय.

कोलंबस ब्लू जॅकेट्सने २०१९मध्ये तेच केलं. आर्टेमी पॅनारिन आणि गोली (गोलरक्षक) सर्गेई बोब्रोव्स्की दोघांचेही करार संपत होते. व्यवस्थापक यार्मो केकालाइनेन यांनी त्यांना विकलं नाहीच, उलट मॅट डुशेन आणि रायन झिंगल यांना आणखी विकत घेतलं, ज्यांचे करारही त्याच उन्हाळ्यात संपणार होते. एप्रिलमध्ये कोलंबसने ६२ सामने जिंकून आलेल्या टॅम्पा बेला सलग चार सामन्यांत गारद केलं. क्लबच्या इतिहासातली ती पहिली जिंकलेली फेरी. पुढच्या फेरीत बॉस्टनने हरवलं आणि जुलैत चौघेही गेले.

कोलंबसच्या चाहत्यांना विचारा, बहुतेक म्हणतील की सौदा परवडला. त्या एप्रिलची आठवण तरी त्यांच्या पदरात पडली. आयलँडर्सना २०१८मध्ये तेवढंही मिळालं नव्हतं.

६. आपण सगळेच चांगल्या पगारासाठी नोकऱ्या बदलतो, देशसुद्धा बदलला. मग खेळाडूवर राग कसला?

हा प्रश्न मराठी घरांतूनच जास्त येतो, आणि रास्त आहे. पुण्याची कंपनी सोडून टोरांटोला आलेल्या माणसाने दुसऱ्याला ‘गद्दार’ म्हणावं, हे ऐकायला जरा गंमतीचंच वाटतं.

फरक एवढाच की आपण नोकरी सोडली तेव्हा आपल्या नावाचे सदरे घातलेली पंधरा हजार माणसं मागे रडत नव्हती. क्लब चाहत्यांना ‘कुटुंब’, ‘आपला कर्णधार’ अशा भाषेत तिकिटं विकतो. खेळाडूही ती भाषा बोलतो, बोलावीच लागते. मग १ जुलैला अचानक सगळे म्हणतात, ‘हा धंदा आहे, समजून घ्या.’ वर्षाचे अकरा महिने नातं आणि बाराव्या महिन्यात व्यवहार. चिडायला हे पुरेसं आहे.

तरी खेळाडूची बाजू मला जास्त पटते. प्रश्न २ पुन्हा पाहा : अठराव्या वर्षी त्याला कुणी विचारलं नव्हतं. क्लब त्याला वाटेल तेव्हा दुसऱ्या शहरी धाडू शकतो आणि तेव्हा कुणी क्लबला गद्दार म्हणत नाही. फ्री एजन्सी हा बहुतेकांच्या कारकिर्दीतला पहिला क्षण, जेव्हा ते स्वतः काही ठरवतात.

७. वाईट वाटतं, राग येतो आणि त्याचं भलं व्हावं असंही वाटतं. हे एकाच वेळी कसं?

होतं तसं. टोरांटोच्या जुन्या चाहत्यांना मॅट्स सुंडीनबद्दल विचारून बघा. स्वीडनचा हा खेळाडू लीफ्सचा वर्षानुवर्षांचा कर्णधार. २००८च्या फेब्रुवारीत संघ गाळात असताना क्लबला त्याला ट्रेड करायचं होतं. त्याने संमती दिली नाही. अर्ध्या हंगामात संघ सोडून जाणं मनाला पटत नाही, ही त्याची भूमिका. काहींना त्यात निष्ठा दिसली, काहींना क्लबचं नुकसान. उन्हाळ्यात करार संपला आणि डिसेंबरमध्ये गडी व्हँकूव्हरला गेला! म्हणजे क्लबला काहीच मिळालं नाही आणि खेळाडूही गेला.

२१ फेब्रुवारी २००९ला तो व्हँकूव्हरच्या जर्सीत टोरांटोला आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, त्याचे डोळे भरून आले. मग बरोबरी न सुटल्याने सामना शूटआउटपर्यंत (एकेकाने गोलीसमोर जाऊन गोल मारायचा) गेला आणि निर्णायक गोल त्यानेच मारला. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. वर्षभरापूर्वी त्याच्यावर तोंडसुख घेणारे त्या गर्दीत नव्हते, असं थोडंच आहे?

ओटावाच्या डॅनियल आल्फ्रेडसनचंही तसंच. १७ हंगाम एका संघात, आणि जुलै २०१३मध्ये डेट्रॉइटशी एका वर्षाचा करार. शहर हादरलं. त्याच दिवशी क्लबने बॉबी रायनला ट्रेडमध्ये आणलं, पण ते पाहायच्या मनःस्थितीत फारसं कुणी नव्हतं. डिसेंबर २०१४मध्ये तो ओटावाशी एका दिवसाचा करार करून, त्यांचाच खेळाडू म्हणून निवृत्त झाला. २०१६मध्ये त्याचा ११ क्रमांक क्लबने निवृत्त करून छताला टांगला. दीड वर्षाचा रुसवा. शहराने तो मिटवून टाकला.

८. परतीच्या सामन्यात हुर्यो उडवणं असभ्यपणा नाही का?

गेलेल्या खेळाडूचा पकला (बर्फावरच्या रबरी चकतीला) हात लागला की ‘बूऽऽ’, हे तिथल्या रिवाजात बसतं. तिकीट काढलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे असं मी मानतो. त्यापलीकडे वस्तू फेकणं, घरच्यांना त्रास देणं, समाजमाध्यमांवर बायकामुलांबद्दल लिहिणं, हे मात्र कुठल्याच रागात बसत नाही.

२८ फेब्रुवारी २०१९ला टवारेस आयलँडर्सच्या नासाउ कोलिसियममध्ये पहिल्यांदा परतला. लोकांनी त्याच्या दिशेने जर्सी फेकली, रबरी साप फेकले, पायजम्यावरून टोमणे मारले (चादरीची कथा प्रश्न ३मध्ये), ‘तुझी गरज नाही’ असा गजर केला. त्याच्या सन्मानाचा व्हिडिओ त्या गोंगाटात ऐकूच आला नाही. आयलँडर्स ६-१ने जिंकले. आवाज मला आवडला, साप नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर वानखेडे आठवा. २०२४च्या आयपीएलमध्ये हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईत परतला, रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला आणि घरच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडाली. तिथे तर गेलेल्यावर नाही, आलेल्यावर राग! त्याच वर्षी जुलैत, टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकून संघ परतला तेव्हा, तेच वानखेडे त्याच्या नावाचा जयघोष करत होतं.

९. सन्मानाचा व्हिडिओ दाखवायलाच हवा का?

नियम नाही, प्रथा आहे. पहिल्या परतीच्या सामन्यात, बहुधा पहिल्या सत्रातल्या एखाद्या विरामात, मिनिटभराची चित्रफीत दाखवतात. खेळाडू हात उंचावतो, लोकांना वाटेल ते लोक करतात.

१०. त्याच्या नावाची जर्सी दोनशे डॉलरला घेतली होती. आता काय करू?

जाळू नका. व्हिडिओपुरतं बरं दिसतं, नंतर पैसे आठवतात. काही लोक नावावर पट्टी चिकटवून दुसरं नाव लिहितात. टवारेस गेल्यावर लाँग आयलंडला हे सर्रास दिसायचं. पण सर्वात चांगला उपाय म्हणजे कपाटात ठेवा. पाच-सात वर्षांनी ती जर्सी ‘त्या काळापासून बघतोय’ याचा पुरावा होते. टोरांटोच्या रिंगणात सुंडीनच्या जर्सी आजही अभिमानाने मिरवतात.

११. माझा नऊ वर्षांचा मुलगा दोन दिवस जेवला नाही. त्याला काय सांगू?

‘हा धंदा असतो बाळा’ हे सांगू नका. ते त्याला कळतं, त्याने बरं मात्र वाटत नाही. त्याला तो खेळाडू आणि संघ असे दोन्ही आवडू शकतात, एवढं मोकळं करून द्या. नव्या संघाचा सामना लागला की टीव्ही बंद करू नका, बघू द्या. आणि मोठ्यांनी त्याच्यासमोर ‘गद्दार’ वगैरे जपून. आजोबा भारतातून फोनवर ‘दुसरा शोध की’ म्हणाले तर त्यांना माफ करा.

१२. मिच मार्नर फ्री एजन्सीत गेला की ट्रेड झाला? दोन्ही वाचलं.

दोन्ही अर्धं अर्धं खरं आहे. टोरांटोजवळच वाढलेला, २०१५च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर लीफ्सने घेतलेला मार्नर ३० जून २०२५ला, म्हणजे बाजार उघडायच्या आदल्या दिवशी, व्हेगासला गेला. टोरांटोने त्याच्याशी ८ वर्षांचा, ९ कोटी ६० लाखांचा करार केला आणि लगेच निकोलस रॉयच्या बदल्यात त्याला ट्रेड केलं. कारण आठ वर्षांचा करार फक्त स्वतःच्या क्लबलाच देता येत होता. खेळाडूला एक जादा वर्ष मिळालं, टोरांटोला शून्याऐवजी एक खेळाडू. (लीग आणि खेळाडूंमधल्या नव्या करारनाम्यानुसार सप्टेंबर २०२६पासून ही मर्यादा स्वतःच्या खेळाडूसाठी सात आणि बाहेरच्यासाठी सहा वर्षं अशी होते.)

भावनेच्या हिशोबात मात्र हे जाणंच. लीफ्ससाठी ६५७ सामन्यांत ७४१ गुण (स्वतःचे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून), आणि तरीही टोरांटोच्या अनेकांना तो गेल्यावर सुटका झाल्यासारखं वाटलं. प्लेऑफमध्ये संघ पुन्हा पुन्हा आपटला आणि त्याचं खापर सर्वांत जास्त त्याच्यावर फुटलं. टवारेस, मॅथ्यूज, मार्नर आणि नायलँडर या चौघांत मिळून कॅपची जवळपास निम्मी रक्कम अडकलेली होती. कॅप कोविडमुळे गोठली आणि उरलेला संघ उभारायला पैसाच राहिला नाही. हा दोष त्या पोराचा की हिशोब करणाऱ्यांचा? माझं उत्तर : हिशोब करणाऱ्यांचा. टोरांटोत ते ऐकून घ्यायला फारसं कुणी तयार नाही.

सुंडीन आणि मार्नर दोघेही जवळपास रिकाम्या मोबदल्यात गेले, दोघांकडेही न हलवण्याची अट होती. एकाला डोळ्यांत पाणी आणून टाळ्या, दुसऱ्यावर राग. सुंडीनच्या संघाकडून लोकांची अपेक्षा संपली होती. मार्नरच्या संघाकडून ती दर एप्रिलला नव्याने सुरू व्हायची.

१३. क्लबनेच पुरेसं देऊ केलं नाही, तर राग कुणावर?

क्लबवर. स्टीव्हन स्टॅमकोस १६ हंगाम टॅम्पाचा, २०२० आणि २०२१ असे दोन कप जिंकलेला कर्णधार. २०२४च्या उन्हाळ्यात क्लबने जेक गुंट्झेलसाठी ६ कोटी ३० लाखांची तयारी केली आणि स्टॅमकोस नॅशव्हिलला गेला, ४ वर्षं, ३ कोटी २० लाख. ऑक्टोबरमध्ये तो परतला तेव्हा टॅम्पाने त्याला डोक्यावर घेतलं. ब्रॅड मार्शांडचंही तसंच : मार्च २०२५मध्ये बॉस्टनने आपल्याच कर्णधाराला फ्लोरिडाला ट्रेड केलं, जूनमध्ये त्याने तिथे कप उचलला, आणि नंतर करार संपत असूनही बॉस्टनला न परतता फ्लोरिडातच राहिला. बॉस्टनवाल्यांनी त्याला नाही, व्यवस्थापनाला बोल लावले.

या प्रकारातलं जुनं आणि मोठं उदाहरण म्हणजे ऑगस्ट १९८८. एडमंटनने वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला दिलं, आणि शहराचा संताप मालक पीटर पॉकलिंग्टनवर गेला तो कायमचा.

१४. पूर्ण मोकळा नसलेला खेळाडूही जाऊ शकतो का?

हो, ‘ऑफर शीट’ नावाची वाट आहे. करार संपलेल्या पण अजून क्लबच्या हक्कात असलेल्या तरुण खेळाडूला दुसरा क्लब लेखी देकार देऊ शकतो. जुन्या क्लबने सात दिवसांत तेवढेच पैसे मान्य केले तर खेळाडू राहतो. नाही तर बदल्यात ठरलेल्या ड्राफ्ट निवडी घेऊन त्याला सोडावं लागतं. ऑगस्ट २०२४मध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोघांना एकदमच अशी शीट दिली. दोन महिन्यांपूर्वीच अंतिम फेरीचा सातवा सामना खेळलेल्या एडमंटनकडे कॅपमध्ये जागा नव्हती. दोघेही गेले, बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची एकेक निवड आली. इथे खेळाडूवर कुणी फारसं रागावत नाही. देकार देणाऱ्या क्लबवर रागावतात.

१५. तो गेल्यावर आपला संघ सुधारला. आनंद मानू का?

मनमुराद. टवारेस गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात आयलँडर्सने गुणतक्त्यात १०३ गुण मिळवले, लीगमध्ये सर्वांत कमी गोल खाल्ले आणि प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला चार सामन्यांत धुतलं. २०२० आणि २०२१मध्ये संघ कपच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत गेला, दोन्हीदा टॅम्पाने अडवलं. या काळात टोरांटो एकही फेरी जिंकलं नव्हतं. लाँग आयलंडला ती वर्षं किती गोड गेली हे शब्दांत सांगता येत नाही.

पण ट्रॉट्झच्या बचावात्मक शिस्तीचं ते यश होतं, टवारेसच्या जाण्याचं नव्हे. महत्त्वाच्या क्षणी गोल करणारा एक माणूस कमी पडला, हे त्या दोन टॅम्पा मालिकांत अनेकदा जाणवलं. चारचौघांत मी हे कबूल करत नाही.

१६. आणि तो नव्या संघात हरला की बरं वाटतं. हे पाप आहे का?

पाप असेल तर आख्खं पिट्सबर्ग पापी आहे. २००८च्या अंतिम फेरीत पिट्सबर्ग डेट्रॉइटकडून हरलं. त्यांचा मारियान होसा उन्हाळ्यात मोकळा झाला आणि कप जिंकायची संधी जास्त आहे म्हणून एका वर्षासाठी थेट डेट्रॉइटलाच गेला. २००९ला पुन्हा तेच दोन संघ अंतिम फेरीत, आणि सातव्या सामन्यात पिट्सबर्ग जिंकलं. रांगेत उभं राहून हात मिळवताना होसाचा चेहरा पिट्सबर्गवाल्यांना अजून आठवतो. पुढच्या हंगामासाठी तो शिकागोला गेला आणि २०१०चा कप जिंकला. तोवर पिट्सबर्गचा राग भागला होता.

टवारेसचं म्हणाल, तर २९ एप्रिल २०२३ला टॅम्पाविरुद्ध सहाव्या सामन्यात, जादा वेळेत, त्याच्याच गोलवर टोरांटोने २००४नंतरची पहिली फेरी जिंकली. २०१६च्या गोलशी ते इतकं जुळत होतं की माझ्या ओळखीच्या एका आयलँडर्सवाल्याने टीव्ही बंद केला आणि थोड्या वेळाने रिप्लेसाठी पुन्हा लावला.

१७. ज्याची हुर्यो उडवली तो खेळाडू आता या जगातच नाही. मनाला लागून राहिलंय.

हा प्रश्न कॅल्गरीहून येतो, आणि तो जॉनी गॉड्रोबद्दल असतो. २०२१-२२मध्ये त्याने कॅल्गरीकडून ११५ गुण केले, डॅलसविरुद्ध सातव्या सामन्याच्या जादा वेळेत मालिका जिंकून देणारा गोल मारला, आणि जुलैत कोलंबसशी करार केला. त्याचं सगळं गणगोत न्यू जर्सीचं; कोलंबस तिथून बरंच जवळ. थोड्याच दिवसांत मॅथ्यू कचुकलाही क्लबला ट्रेड करावं लागलं आणि एका उन्हाळ्यात संघ मोडला. जानेवारी २०२३ला गॉड्रो कॅल्गरीच्या सॅडलडोम स्टेडियममध्ये परतला तेव्हा व्हिडिओला उभं राहून टाळ्याही मिळाल्या, आणि पकला हात लागताच हुर्योही.

२९ ऑगस्ट २०२४ला न्यू जर्सीत सायकलवर असताना गाडीच्या धडकेत तो आणि त्याचा भाऊ मॅथ्यू दोघेही गेले. कॅल्गरीच्या लोकांनी सॅडलडोमच्या पायऱ्यांवर फुलं, स्टिक, जर्सी, त्याला आवडणाऱ्या स्किटल्सच्या गोळ्या आणि जांभळ्या गेटोरेडच्या बाटल्या आणून ठेवल्या. त्यात हुर्यो उडवणारेही होते.

तुम्ही जे केलं ते खेळाच्या आतलं होतं, आणि ते तसंच आहे हे खेळाडूंनाही ठाऊक असतं. त्याच संध्याकाळी त्याच माणसांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. स्वतःला दोष देण्यासारखं यात काही नाही, एवढंच मला म्हणता येतं.

१८. कॉनर मॅकडेव्हिडही एडमंटन सोडणार का?

ऑक्टोबर २०२५मध्ये त्याने फक्त दोन वर्षांचा नवा करार केला, वर्षाला १ कोटी २५ लाख. त्याला मागता आलं असतं त्याहून कितीतरी कमी. कमी पैसे म्हणजे क्लबला संघ उभारायला जागा दिली. कमी वर्षं म्हणजे ती जागा नीट वापरली नाही तर दार उघडं. हा करार २०२७-२८च्या हंगामासोबत संपतो आणि तो १ जुलै २०२८ला मोकळा होईल. त्याआधीच्या हंगामात, ट्रेडच्या तारखेच्या सुमाराला, प्रश्न ५ एडमंटनमध्ये रोज विचारला जाईल. आत्ता ९७ क्रमांकाची जर्सी घ्यायची की नाही असं ज्यांनी विचारलंय त्यांना : घ्या, आणि प्रश्न १० लक्षात ठेवा.